वाळवंटातल्या धुळीसाठी सायकलच्या चाकांवर दिव्यांची माळ

भाची मे महिन्यात कॅलिफोर्नियाहून नाशिकला आली तेव्हा तिच्याजवळ सायकल नव्हती, पण चाकांची मापे लिहिलेला एक कागद होता: २६ इंची चाके, प्रत्येकी ३६ स्पोक, दोन्हीकडे रिम ब्रेक. ऑगस्टच्या अखेरीस ती अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक नावाच्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ या उत्सवाला जाणार होती आणि रात्री फिरण्यासाठी चाकांवरची रोषणाई मामाने करून द्यावी, अशी तिची मागणी होती. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचे काम केले आहे, त्यामुळे दिव्यांची माळ चाकात ओवणे म्हणजे एका दुपारचे काम, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ दिव्यांवर नव्हे, तर तारांचे जोड, सेलची डबी आणि धूळ आत शिरण्याच्या वाटा यांवर गेला. फिरत्या चाकावरचा दिवा स्वतः क्वचितच बिघडतो, त्याच्याकडे जाणारी तार मात्र हमखास तुटते. म्हणून पुढच्या मजकुरात सजावटीपेक्षा बांधणीलाच अधिक जागा दिली आहे.

ज्या जमिनीवर ही सायकल चालायची होती, तिचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. ब्लॅक रॉकचे मैदान हा लाहोंटन नावाच्या प्राचीन सरोवराचा आटलेला तळ आहे. तिथली धूळ आपल्याकडच्या वाळूसारखी खरखरीत नसून पिठासारखी बारीक आणि क्षारयुक्त, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखी आम्लाच्या उलट गुणाची, असते, वारा सुटला की काही हातांपलीकडचे दिसेनासे होते आणि ती कापडाच्या विणीतून, झाकणाच्या फटीतून, स्विचच्या खाचेतूनही आत जाते. सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमणाऱ्या या तात्पुरत्या गावात खासगी मोटारी उभ्याच ठेवायच्या असतात, त्यामुळे पायी किंवा सायकलने फिरणे हीच रीत आहे. नोंदणी करून सजवलेल्या मोठ्या गाड्या मात्र ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या मर्यादेत, रात्रभर हिंडत असतात आणि मोकळ्या मैदानावर रस्त्याचे दिवे नसतात. बाजूने येणाऱ्याला बिनदिव्याची सायकल दिसतच नाही. चाकांवरची रोषणाई नेमकी ही उणीव भरून काढते, कारण ती दोन्ही बाजूंनी दिसते. मात्र पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा तिच्याशिवाय वेगळा लागतोच. नाशिकहून रात्रीच्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

कोणते दिवे घ्यावेत

बाजारात चाकासाठी चार-पाच प्रकार मिळतात आणि त्यांतला सर्वांत दिखाऊ प्रकार या कामासाठी सर्वांत निरुपयोगी आहे. चाक फिरताना त्यावर चित्र किंवा अक्षरे उमटवणाऱ्या पट्ट्या आपण आंतरजालावरच्या चित्रफितींत पाहतो. त्यांचे तत्त्व असे की, दिव्यांची ओळ एकाच जागेवरून दर सेकंदाला निदान दहा-बारा वेळा गेली तर डोळ्याला सलग चित्र दिसते. आता हिशेब करून पाहा. २६ इंची चाकाचा टायरसह परीघ सुमारे २.०५ मीटर असतो, म्हणजे ताशी १० किलोमीटर वेगाने ते सेकंदाला जेमतेम १.३५ फेरे घेते. चार पट्ट्या लावल्या तरी सेकंदाला पाच-सहा वेळाच ओळ समोरून जाते आणि चित्राऐवजी लुकलुकणारे फटकारे दिसतात. चित्र जमण्यासाठी ताशी २० किलोमीटर वेग हवा, आणि अंधारात, गर्दीत, मऊ धुळीच्या पट्ट्यांमधून त्या वेगाने सायकल चालवणे शहाणपणाचे नाही. पैसे वाचले म्हणून भाचीला आनंद झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या पट्ट्या, ज्यांत डब्ल्यूएस२८१२बी ही चिप असते, त्या सुंदर दिसतात. पण त्यातला एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज खातो. मीटरला ६० दिव्यांची दीड मीटर पट्टी म्हणजे ९० दिवे आणि ५.४ अँपिअर, जे चाकावर बांधता येण्याजोग्या सेलला झेपणारे नाही. तेज पाचव्या हिश्श्यावर आणून रंगीत नमुने चालवले तर एका अँपिअरच्या आत काम होते, मात्र कंट्रोलर, मोठी बॅटरी आणि तीन तारांचे जोड वाढतात. त्यातही एका दिव्याकडे जाणारी माहितीची तार तुटली की त्यापुढची सगळी पट्टी अंधारात जाते. ज्याला प्रोग्रामिंगची हौस आहे आणि जो रात्री तंबूत बसून डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, तयार आहे, त्यानेच या वाटेला जावे. चमकणारी वायर म्हणून मिळणारा प्रकार उंच व्होल्टेजच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालतो, तो बारीक आवाज करत राहतो आणि त्याची तार जोडाजवळ वाकून वाकून तुटते. व्हॉल्व्हच्या टोपीवरचे दिवे स्वस्त असतात, पण ते हरवण्यासाठीच केलेले असावेत असे वाटते.

आम्ही शेवटी घेतली ती दिवाळीत देव्हाऱ्याभोवती लावतो तसली, तांब्याच्या बारीक तारेवरची ५ मीटर लांबीची, ५० दिव्यांची माळ, तीन पेन्सिल सेलच्या डबीसह. नाशिकमध्ये ती मेन रोडपासून एम. जी. रोडपर्यंत कुठेही मिळते. घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. स्विच सरकवण्याचा नसून दाबण्याचा असावा, डबीचे झाकण स्क्रूने बसणारे असावे आणि माळ एकाच रंगात स्थिर पेटून राहण्याची सोय असावी. शेकडो सायकली जिथे उभ्या असतात तिथे आपली ओळखायची तर लुकलुकणाऱ्या सात रंगांपेक्षा दोन ठरलेले रंग उपयोगी पडतात. भाचीने पुढे पिवळा आणि मागे जांभळा निवडला. तांब्याच्या तारेऐवजी पारदर्शक नळीत घातलेली माळ मिळाली तर अधिक चांगले, कारण ती घासली जात नाही, मात्र तिचे वजन थोडे जास्त असते आणि ती स्पोकभोवती सहज वळत नाही.

पट्टी घ्यायचीच असेल तर वेष्टनावरचा आयपी क्रमांक वाचावा. त्यातला पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत जात नाही. हा क्रमांक केवळ पट्टीचा असतो, तिच्या टोकाच्या जोडाचा आणि सेलच्या डबीचा नसतो, आणि विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत.

वजन हबजवळ का ठेवायचे

तीन सेलची भरलेली डबी साधारण १०० ग्रॅम भरते. ती रिमजवळ, केंद्रापासून २५ सेंटिमीटरवर बांधली आणि सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने गेली, तर डबी बाहेरच्या दिशेने तिच्या वजनाच्या सुमारे सातपट जोराने ओढली जाते. तीच डबी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला लागून, ५ सेंटिमीटरवर ठेवली तर हा जोर दीडपटीवर येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी डबी स्पोकच्या मध्यावर पारदर्शक चिकटपट्टीने बांधली होती. गंगापूर रोडवरच्या पहिल्याच उतारावर ती सुटली, फोर्कवर आपटली आणि सेल रस्ताभर विखुरले. रविवारची सकाळ असल्यामुळे मागून वाहन आले नाही, एवढेच.

हबजवळ ठेवूनही किंचित असमतोल राहतोच. चाक उचलून मोकळे फिरू द्यावे. ते दर वेळी एकाच बाजूला खाली येऊन थांबत असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला, रिमजवळच्या स्पोकवर, डाख देण्याच्या कथलाच्या तारेचे १५-१६ ग्रॅम घट्ट गुंडाळून त्यावर टेप लावावी. १०० ग्रॅमची डबी केंद्रापासून ४ सेंटिमीटरवर असेल तर २५ सेंटिमीटरवर १६ ग्रॅम तिला तोलून धरतात. हे अगदी काटेकोर व्हायला हवे असे नाही.

बांधणी

माळ हाती घेण्याआधी सायकल दुकानात नेऊन दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे डुगडुग, काढून घ्यावा आणि सैल स्पोक आवळून घ्यावेत, कारण माळ बसल्यावर निपलला, म्हणजे स्पोकच्या टोकाच्या नटाला, चावी लावणे त्रासाचे होते. त्यानंतर स्पोक स्पिरिटने पुसावेत. तेलाचा अंश राहिला तर टेपही टिकत नाही आणि धूळही चिकटते. दुकानातून येताना पंक्चरवाल्याकडून सायकलची आणि स्कूटरची एकेक जुनी ट्यूब मागून आणावी. या संपूर्ण कामात तिच्याइतका उपयोगी पदार्थ दुसरा नाही. सायकलच्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे तुकडे स्पोकवर गुंडाळण्यासाठी आणि स्कूटरच्या ट्यूबचा वीतभर तुकडा डबीच्या कवचासाठी लागतो.

डबी चाकाच्या आत, म्हणजे डावीकडच्या आणि उजवीकडच्या स्पोकांच्या मधल्या पोकळीत, हबच्या अंगाला बसवायची असते. स्पोकांमधली फट हबजवळ अरुंद आणि बाहेरच्या बाजूला रुंद असते, म्हणून डबी मधल्या भागातून तिरपी करून आत घ्यावी आणि मग हबकडे सरकवावी. तिच्याखाली ट्यूबचा तुकडा ठेवावा आणि दोन केबल टाय हबभोवतीच्या स्पोकांतून आडवे, तर एक उभा, असे ओढून घ्यावेत. केवळ एका दिशेने बांधलेली डबी काही किलोमीटरमध्ये हळूहळू सरकते. मागच्या चाकात ती डाव्या बाजूला ठेवावी, म्हणजे चेन आणि गिअरपासून अंतर राहते. डिस्क ब्रेक असेल तर चकतीपासून तार निदान दोन बोटे दूर असावी.

आता माळ. रिम ब्रेकचे रबर ज्या पट्टीवर घासते तिथे तार मुळीच येता कामा नये, म्हणून बाहेरचे कडे रिमपासून दोन-अडीच सेंटिमीटर आत घ्यावे. २६ इंची चाकात त्याचा व्यास साधारण ५० सेंटिमीटर आणि परीघ १५७ सेंटिमीटर येतो. माळ डबीपासून एका स्पोकच्या कडेने बाहेर न्यावी, बाहेरच्या बाजूने दोन फेरे घ्यावेत आणि मग आत वळून ३५ सेंटिमीटर व्यासाचा एक फेरा घ्यावा. स्पोकांच्या आतबाहेर ओवण्यात दहा टक्के लांबी जास्त जाते हे धरले, तर ५ मीटरची माळ जेमतेम पुरते. म्हणून सुरुवातीला सगळे सैल ओवून पाहावे, टोक पोचते याची खात्री झाल्यावरच आवळावे. व्हॉल्व्हजवळ पंपाचे तोंड बसेल एवढी जागा मोकळी सोडावी. आम्ही पहिल्या वेळी ती सोडली नव्हती आणि हवा भरण्यासाठी पाव चाक उसवावे लागले.

तांब्याच्या या तारांवर इन्सुलेशन म्हणून केवळ पातळ वार्निशचा थर असतो. तार स्पोकवर घासत राहिली तर तो थर जातो आणि दोन्ही तारा पोलादी स्पोकला टेकल्या की सेल शॉर्ट होऊन तापतात. म्हणून जिथे जिथे तार स्पोकला ओलांडते तिथे ट्यूबचा तुकडा किंवा इन्सुलेशन टेपचे दोन वेढे आधी द्यावेत आणि त्यावर बारीक केबल टाय आवळावा. हे काम कंटाळवाणे आहे. एका चाकावर अशा पन्नासाहून अधिक जागा येतात आणि प्रत्येक जागा करावीच लागते. चौथ्या-पाचव्या स्पोकला एक सोडून चालेल असे मनाला वाटू लागते, त्या वेळी चहा घेऊन यावे.

डबीतून तार जिथे बाहेर येते ती सर्वांत नाजूक जागा. तिथे तार ताणलेली ठेवू नये. दोन सेंटिमीटरचा सैल वळसा देऊन ती जवळच्या स्पोकला दोन ठिकाणी बांधावी, म्हणजे धक्का बसला तरी तो गाठीवर बसेल, डाखावर बसणार नाही. पॅनलमध्ये आम्ही प्रत्येक केबलला हेच करत असू, आणि त्या पॅनलना तर कुणी फिरवतही नव्हते. जोडावर आकुंचन पावणारी स्लीव्ह चढवून ती लायटरच्या आचेवर नव्हे, तर हेअर ड्रायरच्या गरम हवेने बसवावी. गरम गोंदाची बंदूक हाताशी असली तरी तिच्यावर विसंबू नये. तो गोंद उन्हात तापलेल्या धातूवर मऊ पडतो आणि ऑगस्टमधल्या वाळवंटात ऊन भरपूर असते.

शेवटी डबीवर स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा पिशवीसारखा चढवून त्याची दोन्ही तोंडे दुमडून बांधावीत. दाबायचा स्विच रबरावरूनच चालवता येतो. सरकवण्याचा स्विच नको म्हटले त्याचे दुसरे कारण हे, आणि पहिले कारण असे की त्याची उघडी खाच म्हणजे धुळीचा दरवाजाच असतो. केबल टायच्या शेपट्या घरीच कापाव्यात आणि कापलेली टोके उचलून टाकावीत, वाळवंटात जाऊन कापू नयेत. उत्सव संपल्यावर तिथल्या मैदानावर प्लास्टिकचा तुकडाही राहू नये असा नियम आहे आणि जमीन सरकारी यंत्रणेकडून तपासली जाते.

सेलचा हिशेब

मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून माळ किती वीज घेते ते मोजावे. आमची १५० घेत होती. २००० मिलिअँपिअर-तासांचे रिचार्ज होणारे सेल लावले तर हिशेबाने तेरा तास निघतात. वाळवंटातल्या रात्री गार पडतात आणि थंडीत सेल कमी वीज देतात, म्हणून दहाच तास धरावेत, म्हणजे पाच तासांच्या दोन रात्री. रिचार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ व्होल्टचा, त्यामुळे प्रकाश थोडा मंद वाटतो, पण अंधारात तो खटकत नाही. छोटी पॉवर बँक लावण्याचा मोह अनेकांना होतो. इतकी कमी वीज घेणारी माळ जोडली की बऱ्याच पॉवर बँका, काही जोडलेलेच नाही असे समजून, काही वेळाने आपोआप बंद पडतात. शिवाय विमानाने जायचे तर पॉवर बँक आणि लिथियमचे सुटे सेल हातातल्या सामानातच ठेवावे लागतात.

रांगोळीची परीक्षा

धुळीचे वादळ नाशिकमध्ये मागवता येत नाही, पण रांगोळी किराणा दुकानात मिळते. पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून घ्यावी. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात दोन मुठी रांगोळी टाकून त्यात ट्यूबचे कवच चढवलेली सेलची डबी ठेवावी आणि डबा पाच मिनिटे चांगला घुसळावा. हे करताना नाकावर फडके बांधावे, ती पूड छातीत गेलेली चांगली नाही. मग डबी पुसून, झाकण उघडून, सेलच्या टोकांवर पांढरे दिसते का ते पाहावे. आमच्या पहिल्या डबीत स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रांगोळी सापडली, कारण तार बाहेर येण्याचे भोक मी उघडेच ठेवले होते. ते सिलिकॉनने बुजवल्यावर दुसऱ्या वेळी आत काही गेले नाही. सिलिकॉन वाळायला पूर्ण एक दिवस द्यावा.

यानंतरची परीक्षा रस्त्यावरची. भाचीच्या मापाची चाके असलेली शेजाऱ्यांची सायकल आम्ही उसनी घेतली आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका कच्च्या रस्त्यावर संध्याकाळी अंधार पडेपर्यंत चालवली. मे महिन्याच्या अखेरीस तिथली माती पिठासारखी झालेली असते. निदान १५ किलोमीटर चालवून परत आल्यावर प्रत्येक केबल टाय हाताने ओढून पाहावा. जो फिरतो तो बदलावा. आमचे सात बदलावे लागले, सगळे बाहेरच्या कड्यावरचे, जिथे मी ट्यूबऐवजी टेप वापरली होती.

तयार झालेली माळ चाकासकट नेता येत नसेल, तर डबी आणि माळ सोडवून पुठ्ठ्याच्या चकतीवर त्याच क्रमाने गुंडाळावी आणि कोणता दिवा कोणत्या स्पोकवर हे दर सहाव्या स्पोकला रंगीत दोऱ्याने दाखवावे. भाचीला तिकडे पुन्हा बांधायला दोन चाकांचे मिळून तीन तास लागले. सोबत वीस केबल टाय, टेपचे रिळ, ट्यूबचे तुकडे आणि कापलेली टोके टाकायला झिपची पिशवी दिली होती.

परत आल्यावर

क्षारयुक्त धूळ पाण्याने नीट निघत नाही आणि ओलसर राहिली तर धातूला खाते. एक भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पुष्कळ पाणी मिसळून त्यात भिजवलेल्या कापडाने स्पोक आणि रिम पुसावेत, मग साध्या पाण्याच्या कापडाने पुसून कोरडे करावे आणि चेनला तेल द्यावे. व्हिनेगर सेलच्या डबीच्या आत जाऊ देऊ नये.

हीच माळ घेऊन कुणी कच्छमधल्या धोरडोला, पांढऱ्या रणाच्या बाजूला हिवाळ्यात भरणाऱ्या रणोत्सवाला गेले तर प्रकार उलटा असतो. तिथे पायाखाली क्षारयुक्त माती नव्हे, मीठ असते, आणि रात्रीच्या दमट हवेत मीठ ओल धरते. तांब्याची तार जिथे उघडी पडली असेल तिथे हिरवा थर धरतो. तिथे व्हिनेगरचा काही उपयोग नाही. गोड्या पाण्याने भिजवलेल्या कापडाने त्याच दिवशी पुसणे आणि जोडांवर आधीच पातळसे ग्रीस लावून ठेवणे, एवढेच करावे. सेल मात्र दोन्हीकडे काढूनच ठेवावेत. भाचीने मागच्या चाकातले काढले, पुढच्या चाकातले विसरली, आणि दिवाळीत तिने डबी उघडली तेव्हा तीनपैकी एक सेल गळून स्प्रिंग खाऊन गेला होता.